धाकट्याला शेतात न्यावं का?

(वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी, वय 39. धाकटा भाऊ 32 वर्षांचा. बारावीनंतर जळगावला शिकायला होता, तिथेच आजारी पडला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. नऊ वर्षं औषधं सुरू आहेत. आरडाओरडा, संशय घेणं, रात्री उठून निघून जाणं हे आता थांबलं. पण दिवसभर पडून असतो. सांगितलं तर आंघोळ, वाढलं तर जेवण. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. साडेपाच एकर शेत आहे, उताऱ्यावर आई आणि आम्हा दोघा भावांची नावं लागली आहेत. मजूर मिळत नाहीत. वाटतं, त्याला माझ्या शेतात कामाला लावावं. घाम गाळला की डोकं ठिकाणावर येईल, गोळ्याही सुटतील. आई म्हणते, ‘माह्या लेकाले सालदार करू नको.’ एका नातेवाइकानं लांबच्या एका आश्रमाचा पत्ता दिला आहे. तिथे अशा मुलांकडून शेती करून घेतात, महिन्याला 15 हजार घेतात, पहिले सहा महिने घरच्यांनी भेटायचं नाही असा नियम आहे. कोणी म्हणतं लग्न लावून द्या. बायको म्हणते, घरात लहान लेकरं आहेत, विचार करून ठरवा. मी काय करू?

दादा,

नऊ वर्षं भावाच्या गोळ्या चुकू दिल्या नाहीत, त्याला दारोदार फिरवलं नाही, दोरीनं बांधलं नाही. हे सोपं नसतं. खान्देशातल्या किती घरांत ते जमलेलं नाही, हे मनाच्या आजारांच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला माहीत आहे. म्हणून पुढचं जे लिहिते आहे, ते तुमच्या मायेवर शंका घेऊन नाही.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मी अडले. ‘माझ्या शेतात’. त्याच्या दोनच ओळी आधी तुम्ही लिहिलं आहे की उताऱ्यावर आईचं आणि दोघा भावांचं नाव आहे. मग शेत तुमच्या एकट्याचं कसं? वडिलांच्या माघारी सगळा भार तुमच्यावर आला, म्हणून तोंडात तसं बसलं असणार. पण आईच्या बोलण्यातली भीती नेमकी तिथूनच येते. सालदार दुसऱ्याच्या शेतात राबतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरतं, आखाजीला संपतं. तिचा धाकटा शेताचा धनी आहे. आजारपणानं त्याचा हिस्सा कमी झालेला नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातच लिहिलं आहे की कोणत्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे माणूस वारसाहक्काला मुकत नाही. त्याला बांधावर नेलंत, तर त्याच्याच शेतात नेलंत. एवढं तुमच्या मनात पक्कं झालं की कामाला कसं लावायचं, काय बोलायचं, पैसे कसे द्यायचे, सगळ्याची भाषा बदलेल. आईलाही ते ऐकू येईल.

दुसरी गोष्ट. पत्र मोठं आहे. त्यात आईचं मत आहे, बायकोचं आहे, नातेवाइकाचं आहे, गावाचंही आहे. धाकट्याचं मात्र एक वाक्यही नाही. त्याला विचारलं का? ‘तो काय बोलणार’ असं वाटत असेल. कदाचित पहिल्यांदा काहीच बोलणार नाही, दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणेल. या आजारात बोलणं आटतं, मनातलं ओठावर यायला वेळ लागतो. म्हणून समोर बसवून ‘शेतात येतो का’ असा सवाल टाकू नका. गाडीवर मागे बसवून घेऊन जा, केळीत एक फेरी मारा, चहा पिऊन परत या. असं चार-पाच वेळा करा आणि तो कुठे थबकतो ते पाहा. गुरांपाशी? मोटारीच्या पाण्यापाशी? त्याचं उत्तर त्या थबकण्यात असेल.

आता ‘घाम गाळला की डोकं ठिकाणावर येईल’ याबद्दल. हे गावोगाव ऐकते, आणि त्यात थोडं खरंही आहे. मातीत काम करून मनाच्या आजारातून सावरण्याचा विचार फार जुना आहे. बेल्जियममध्ये गील नावाचं एक गाव आहे. तिथली कुटुंबं मध्ययुगापासून मनाच्या आजाराची माणसं आपल्या घरात ठेवून घेत आली. ही माणसं त्यांच्याच ताटात जेवली, त्यांच्याच शेतात जमेल तेवढं राबली. 1930 च्या दशकाच्या शेवटी तिथे असे साडेतीन हजारांहून जास्त जण होते. गावात त्यांना कोणी ‘पेशंट’ म्हणत नाही, ते घरी राहणारे पाहुणे. इंग्लंडमध्ये यॉर्कला 1796 साली साखळदंडांऐवजी बाग आणि शेतीकाम देणारं एक घर सुरू झालं. नेदरलँड्समध्ये आज हजाराहून जास्त शेतकरी आपल्या चालत्या शेतावर अशा माणसांना दिवसभरासाठी बोलावतात, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळतात. आपल्याकडे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरोग झालेल्या माणसांना सोबत घेऊन माळावर शेती उभी केली. गावानं ज्यांना दान देऊन दूर ठेवलं असतं, ती माणसं पिकवून खाऊ लागली.

पण गीलमध्येही घराच्या मागे दवाखाना उभा होताच. शेतीकामानं स्किझोफ्रेनिया जातो असा पुरावा कुठेही नाही. काम गोळीची जागा घेत नाही. आवाज ऐकू येणं, संशय, भीती यांना गोळी आवरते. गोळीनं जे परत येत नाही, ते कामानं थोडं थोडं येतं: सकाळी उठायचं कारण, पोटात भूक, रात्रीची झोप, चार माणसांत ‘आज आला नाहीस का’ असं कोणी विचारणं. दोन्ही लागतात. तो चार महिने चांगला राबला म्हणून गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत सगळं पहिल्यापासून सुरू झालं, अशी घरं मी इतकी पाहिली आहेत की हे वाक्य लिहिताना हात आखडतो. कृपा करून तसं करू नका. तो सुस्त असतो त्यातलं काही आजाराचं आहे आणि काही गोळ्यांचंही असू शकतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘दिवसा झोप येते, गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येईल का?’ ते त्यांचं काम आहे, ते करतील. आणि त्याला आळशी म्हणू नका. या आजारात इच्छाच मावळते. पडून राहणाऱ्याला आतून उठावंसं वाटत नाही, याचा त्यालाही त्रास होत असतो.

चोपड्याकडच्या एका घरातला मुलगा आठवतो. असाच, तिशीतला. त्याच्या काकानं त्याला एकच काम दिलं होतं: केळीतल्या ठिबकचे ड्रीपर बघायचे. तो नळीच्या बाजूनं उकिडवा बसत बसत पुढे सरकायचा. वाळलेलं पान बाजूला करायचा, थेंब पडतो का ते बघत राहायचा. थेंब नाही आला की खिशातली टाचणी काढून ड्रीपरच्या तोंडावरचा क्षार टोकरायचा, फुंकर घालायची, पुन्हा वाट बघायची. मोकळा झाला की तिथे नळीवर एक खडा ठेवायचा. मी गेले त्या दिवशी त्या ओळीत सतरा खडे होते. त्यानं ते मला मोजून दाखवले, बाकी काही बोलला नाही. घाई नाही, स्पर्धा नाही, कोणाशी बोलायची सक्ती नाही, आणि जे काम केलं ते डोळ्यांसमोर टपटपतं. त्याला पुढेही दोनदा त्रास झाला, एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आल्यावर तो ज्या ओळीत थांबला होता तिथून पुढे निघाला.

म्हणजे कोणतं काम, हे महत्त्वाचं आहे. कपाशीची वेचणी देऊ नका. ती किलोवर असते, बायका भराभर पुढे जातात, मागे पडणाऱ्याला संध्याकाळी काट्यावर सगळ्यांसमोर आपला आकडा ऐकावा लागतो. केळी कापणीच्या दिवशी टोळी येते, ट्रक उभा असतो, आरडाओरड असते. त्या दिवशी तो घरी राहिला तरी चालेल. निंदणी, वाळलेली पानं काढणं, पिशव्यांत माती भरणं, शेळीला चारा घालणं ही कामं बरी. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं विळ्यानं कापणं त्याला लहानपणापासून येत असेल तर तेही पुढे देता येईल, पण सुरुवातीला तुम्ही शेजारच्या ओळीत असा. एक मेथीचा वाफा त्याच्या नावाचा करा. महिन्याभरात जुडी हातात येते, आणि ती आईच्या हातात द्यायची. केळीला वर्ष लागतं, इतका धीर सुरुवातीला त्याला कुठून येणार?

काम सांगताना एक एक सांगा. ‘पानं काढ, मग मोटर बंद कर, येताना गवत आण’ अशी तीन कामं एका दमात सांगितली तर तो पहिल्यावरच थांबेल, आणि तुम्हाला वाटेल ऐकलंच नाही. एक काम, तेही शेजारी बसून करून दाखवा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, तासभर. नंतर वाढवा. आला नाही तर ओढून आणू नका, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून टोमणाही नको. परदेशात गेल्या तीसेक वर्षांत एक गोष्ट चांगली सिद्ध झाली आहे: अशा माणसाला आधी वर्षभर ‘तयार’ करून मग कामावर पाठवण्यापेक्षा, खऱ्या कामावर नेऊन तिथेच सोबत राहून शिकवलं तर तो जास्त टिकतो. तुमच्याकडे खरं काम आहे, सोबत राहणारा भाऊ आहे.

आता पैसे. हे मी ठासून सांगते. त्याला मजुरी द्या. जेवढा वेळ केलं तेवढ्याची, गावातल्या दरानं, आठवडी बाजाराच्या दिवशी, इतर मजुरांना देता तेव्हाच, त्याच्या हातात. ‘घरचाच आहे, त्याला काय पैसे’ असं म्हणू नका. पहिल्या आठवड्यात थोडेच होतील. त्याचं तो काय करतो ते करू द्या. आणि वर्षाच्या शेवटी केळीचे पैसे आले की हिस्सेदार म्हणून त्याच्या नावावर बँकेत काही ठेवा. मजूर आणि मालक दोन्ही तो आहे, जसे तुम्ही आहात. हे आईला दाखवा, तिचं ‘सालदार’ तिथे संपेल.

काही गोष्टींत मात्र तडजोड नको. आपला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा 44–45 वर जातो. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच गोळ्यांनी, आणि अंग आखडू नये म्हणून सोबत देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलनंही, शरीराची घामानं थंड होण्याची ताकद कमी होते. तुम्हाला जे ऊन सोसतं ते त्याला सोसेलच असं नाही. होळीनंतर दहाच्या आत घरी, नाहीतर पाचनंतर शेतात. डोक्याला उपरणं, सोबत पाण्याची बाटली, आणि ‘पाणी पी’ अशी आठवण, कारण तहान लागली तरी तो मागणार नाही. (ज्यांच्या घरी कोणाला लिथियमची गोळी सुरू आहे त्यांनी आणखी जपा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढून विषबाधा होते. अंग दुखलं म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.)

रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला त्याला कधीही पाठवू नका. झोप मोडली की हा आजार डोकं वर काढतो.

आणि औषधं. पिकाची म्हणते मी, फवारणीची. ती शेतातल्या खोलीत उघडी पडलेली असतील तर आजच कुलुपात ठेवा, किल्ली तुमच्या कमरेला. फवारणीचं काम त्याला नाही. खेड्यात जीव देणाऱ्यांपैकी कितीतरी जण हाताशी असलेलं तेच घेतात. हाताशी नसेल तर तो एक वाईट तास टळतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच माणूस वाचतो. हे फक्त आजारी माणूस असलेल्या घरासाठी नाही. तुमच्यासाठीही आहे, दादा, भाव पडल्यावर रात्र रात्र जागणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यासाठी आहे. विहिरीला कठडा नसेल तर तेवढा बांधून घ्या. फिट येणारं कोणी घरात असेल तर विहीर, ट्रॅक्टर आणि विजेच्या डीपीपासून त्याला लांबच ठेवा.

आता तो आश्रम. सहा महिने घरच्यांनी भेटायचं नाही, हे वाचूनच मी सावध झाले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारासाठी राहणाऱ्या माणसाला भेटायला आलेल्यांना भेटण्याचा, फोन करण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्यानुसार त्याच्याकडून सक्तीनं काम करून घेता येत नाही, आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. साखळीनं बांधणं तर पूर्ण बंद आहे. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला अशाच एका ठिकाणी आग लागली, तेव्हा पंचवीसहून अधिक माणसं साखळीत होती म्हणून पळू शकली नाहीत, त्यातच गेली. मी स्वतः एका ठिकाणी गेले आहे. भाजीचा सुंदर मळा होता. उन्हात वीसेक जण निंदत होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भाजी कुठे जाते विचारलं तर ‘बाजारात’, पैसे कोणाचे विचारलं तर ‘संस्थेचे’. आणि घरचे लोक वर महिन्याचे पैसे भरत होते. खुरपं तेच असतं हो. पण ‘आज नको’ म्हणण्याची सोय नसेल तर ती वेठ झाली, तिला उपचार म्हणायचं कसं?

सगळी निवासी ठिकाणं अशी नसतात. पुण्याजवळ कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेजमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं घरासारखी एकत्र राहतात, शेती-बागेत आणि घरकामात वाटा उचलतात. आईबाप थकलेत, मागे कोणी नाही, अशा घरांना असा आधार लागतोच, त्यात अपराधी वाटून घेऊ नये. तुम्हाला त्या आश्रमाचा विचार करायचाच असेल तर आधी न सांगता जाऊन या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यात कधी येतात, गोळ्या कोण देतं, रात्री दाराला बाहेरून कुलूप असतं का, काम नाकारलं तर काय होतं, हे विचारा. आणि तिथे राहणाऱ्या एकाशी, संस्थेचं माणूस शेजारी नसताना, दहा मिनिटं बोला. यातल्या कशालाही ते चिडले तर गाडी मागे वळवा. पण खरं सांगायचं तर ज्याच्याकडे स्वतःचं शेत, आई आणि भाऊ आहे, त्याला पैसे भरून परक्याच्या शेतात पाठवण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

लग्नाबद्दल एकच सांगते. लग्न हा उपचार नाही. उद्या त्यालाच करावंसं वाटलं, तर मुलीला आणि तिच्या घरच्यांना आजार सांगून करा. तुमच्या बायकोचं म्हणणं मात्र नीट ऐका. औषधावर असलेला माणूस घरच्यांना धोक्याचा असतो, हा बहुतेक वेळा गैरसमजच आहे, पण नऊ वर्षांपूर्वीच्या त्या रात्री तिनं पाहिल्या असतील तर तिची भीती खोटी नाही. त्याचा डबा, त्याचे कपडे, हे तिच्या एकटीच्या कामात वाढवू नका. लेकरांना सांगा, काकाला डोक्याचा आजार आहे, गोळ्या सुरू आहेत, त्याला चिडवायचं नाही. गडीमाणसांपैकी ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला, धाकट्याला विचारून, एवढंच सांगून ठेवा. गावात कोणी ‘येडा’ म्हणालं तर तिथल्या तिथे, शांतपणे, त्याचं नाव घेऊन दुरुस्त करा. दोन-तीनदा केलं की लोक सुधारतात.

झोप दोन-तीन रात्री उडाली, एकटाच पुटपुटणं वाढलं, ताटातल्या अन्नाचा संशय येऊ लागला, तर काम थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आणि अजून काढलं नसेल तर त्याचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, काढून घ्या. 2016 च्या कायद्यात मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरला आहे. त्यानंतर संजय गांधी निराधार योजनेत तो बसतो का ते तहसीलमध्ये विचारा. ज्यांच्या घरी ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मोठं मूल आहे, त्यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा वेगळा आहे. ‘आमच्या माघारी कोण’ या प्रश्नासाठी कायदेशीर पालक नेमायची समिती कलेक्टर कचेरीत असते, तिथे जा.

पोळा नुकताच झाला. आता हवा निवेल, दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंतचे चार-पाच महिने आपल्याकडे शेतात बसायला सुखाचे. सुरुवात याच दिवसांत करा, उन्हाळा लागेपर्यंत त्याची सवय बसेल. उद्याच त्याला गाडीवर घेऊन जा. काम सांगू नका, नुसतं फिरवून आणा. आणि तो कुठे थबकला, तेवढं मला एका ओळीत कळवा. ओळ त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली तर तीच पाठवा.